गेले म्हणजे कुठे गेले

गेली वीस वर्षं मी रायपूरच्या लोकांना इंग्रजीतला साधा भूतकाळ शिकवते आहे. बघा, पहिल्याच वाक्यात ‘गेली’ येऊन बसली. मराठीत हे क्रियापद कुठेही घुसतं. वर्षं जातात, वीज जाते, अब्रू जाते, माणूसही जातो. इंग्रजीतला ‘वेंट’ मात्र शिस्तीचा गडी, त्याला जायला ठिकाण लागतं. हे मी एवढ्या तोऱ्यात शिकवत आले, आणि त्या तोऱ्याची किंमत माझ्या आईनं मोजली, माझ्या वारलेल्या वडिलांनीही मोजली. मला त्याची लाज वाटते. लिहिल्यानं ती कमी होईल असं काही नाही, पण आईला तोंडावर सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर बुढापाऱ्यात, भाड्याचं, दोन खोल्यांचं. वडील वऱ्हाडातून नोकरीसाठी आलेले. शहराच्या कडेला, भनपुरीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात मुनशी होते. सकाळी डबा घेऊन स्कूटरनं निघायचे, तलावाच्या कडेनं जाऊन दिसेनासे व्हायचे. ऑफिसात त्यांचं काम म्हणजे कोणता ट्रक कधी भरला, कधी निघाला, कधी पोचला हे रजिस्टरमध्ये लिहायचं. ते लिहायचे इंग्रजीत. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तीन शब्द पक्के होते: लोडेड, लेफ्ट, रीच्ड. माझ्या आयुष्यातला पहिला इंग्रजी भूतकाळ तोच. मी पाचवीत असेन. सुट्टीच्या दिवशी एकदा मला ऑफिसात घेऊन गेले होते, तेव्हा रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले होते, “लेफ्ट लिहिलं म्हणजे आपलं काम झालं असं नाई, पोट्टे. रीच्ड लिहीपर्यंत जीवाले घोर असते.”

मी बारावीत असताना ते असेच एका सकाळी निघाले आणि दुपारी खुर्चीवरच छातीत दुखून संपले. घरी त्यांना ऑफिसच्या माणसांनी मेटाडोरमधून आणलं. आई त्या दिवसाबद्दल बोलताना नेहमी एक गोष्ट नीट वेगळी करून सांगायची. म्हणायची, “ते आले नाई. त्याईले आणलं.” आम्हा दोघींना त्यातला फरक कळत होता.

त्यानंतर आईनं घरी शिवणाचं काम सुरू केलं. साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. मंगळसूत्र तिनं काढून ठेवलं, पण टिकली काढली नाही. शेजारच्या एका मावशीनं आडून आडून विचारलं तर म्हणाली, “कपाळ रिकामं दिसते मले.” आमच्या आईशी वाद घालायला माणूस तिच्याहून दुप्पट चिवट लागतो.

पुढे राज्य नवीन झालं आणि आमचं रायपूर बसल्या जागी राजधानी झालं. भोपाळहून साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या, त्यांची गोरीगोमटी पोरं आली. त्या पोरांसाठी नव्या इंग्रजी शाळा निघाल्या. आणि जे आधीपासून इथेच होते, त्यांना अचानक वाटायला लागलं की इंग्रजीवाचून आपलं काही खरं नाही. गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशच्या पाट्या लागल्या. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते, इंग्रजी घेऊन. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका क्लासमध्ये मला शिकवायचं काम मिळालं. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. खाली परात पडली की वर वाक्य तुटायचं.

क्लासचे मालक मोठे बोलघेवडे होते. नवा विद्यार्थी आला की सांगायचे, “हमारी मैडम के घर में सिर्फ इंग्लिश चलती है।” मी ते ऐकायचे आणि गप्प राहायचे. आमच्या घरात इंग्रजी चालायची ती एवढीच: कुकर, लाइट आणि टीव्ही. पण मला ते खोटं अंगावर घालायला बरं वाटायचं. नवीन ओढणीसारखं. मी नाही म्हटलं नाही, हळूहळू तसंच वागायला लागले. कुणी मराठी ओळखीचं दिसलं की हिंदीत बोलायचं, हिंदीवालं दिसलं की इंग्रजीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला प्रकार.

क्लासातल्या माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात आईनं मला विचारलं, “मी येऊ का तुह्या क्लासात?”

मी आधी हसले. मग कळलं की ती गंमत करत नाहीये. शहराबाहेर एक नवी शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. नर्सरीला मदतनीस बाया हव्या होत्या. दहावी पास चालेल, पण लहान मुलांशी थोडं इंग्रजी बोलता यायला हवं, आणि मुलाखत इंग्रजीत. आईची दहावी मराठी शाळेतली. तिच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवणं झेपत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी घरी असले की ती सुई माझ्याकडे द्यायची, नसले की सकाळीच सात-आठ सुया ओवून ठेवून जायला सांगायची. “हे डोये गेले तर मी काय करू?” म्हणाली. “लेकरायमधी राहीन तर बरं वाटन मले. येऊ का?”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “ये, पण तिथे सांगू नको तू माझी आई आहेस म्हणून.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “काहून?”

“मालकांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमच्या घरी इंग्रजी बोलतात. तुझं ऐकून हसतील.”

“हव,” ती म्हणाली. रायपूरला राहून राहून तिच्या तोंडी छत्तीसगढी ‘हव’ पक्का बसला होता. “मले काय, मी शेवटच्या बाकावर बशीन.”

तिला वाईट वाटलं का, हे मी तेव्हा बघितलंच नाही. मी माझ्या ओढणीची काळजी करत होते.

तर आई येऊ लागली. आम्ही घरून वेगवेगळ्या निघायचो. ती दहा मिनिटं आधी, मी नंतर. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, वहीला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून. वर्गात दोन नर्सा होत्या, साडीच्या दुकानातला एक सेल्समन, एक सरकारी बाबू, तीन-चार कॉलेजच्या पोरी. सगळे तिला आंटी म्हणायचे. ती मला “येस मॅडम” म्हणायची, आणि इतक्या मन लावून म्हणायची की एकदा घरी मी पाणी मागितलं तर तिच्या तोंडून “येस मॅडम” निघालं. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

भूतकाळ शिकवण्यात माझा हातखंडा होता. रायपूरच्या माणसाला साधा भूतकाळ नको असतो. तो कधी नुसता जात नाही, तो ‘गया था’ म्हणतो. ‘कल मैं मार्केट गया था’, म्हणून इंग्रजीतही ‘आय हॅड गॉन टू मार्केट’. नुसतं ‘गया’ म्हटलं की त्याला धसका बसतो, कारण नुसता ‘गया’ जातो तो बल्ब, ट्रान्सफॉर्मर आणि कुणाचे तरी आजोबा. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि म्हणायचे, “हॅड हटाओ। जो हो गया सो हो गया। वेंट!” दुसरं दुखणं ‘डिड’चं. सगळे ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणायचे. त्यावर माझा एक ठरलेला डायलॉग होता. “डिड मिल गया न? तो वेंट जमा करो और गो ले जाओ।” वर्ग हसायचा. आई वहीत लिहून घ्यायची.

आईला ‘डिड’ जमत नव्हतं. घरी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “दूधवाला डिड नॉट केम.” मी आतून ओरडायचे, “कम!” ती म्हणायची, “अवं पण तो आला नाई न. झालेली गोष्ट आहे. मंग कम कसं?” तिचं चुकत नव्हतं. मराठीत ‘आला नाही’ म्हणताना आपण ‘आला’ तसाच ठेवतो. पण मला समजावून सांगायचा कंटाळा यायचा. दुसऱ्यांच्या आयांना मी दहादा समजावलं असतं.

मे महिन्यातला तो दिवस. कूलरची खस वाळून गेली होती आणि तो नुसतं गरम वारं फेकत होता. मी सगळ्यांना घरून पाच वाक्यं आणायला सांगितली होती, साध्या भूतकाळातली, स्वतःच्या आयुष्यातली. एकेक जण उभा राहून बोलत होता. सगळे सकाळी उठले, सगळ्यांनी दात घासले, सगळे ऑफिसला वेंट झाले. मी कंटाळले होते. आईची पाळी आली. ती उभी राहिली, वही बंद करून. तिनं पाठ केलं होतं.

“आय केम टू रायपूर,” ती म्हणाली. “आय कुक्ड. आय स्टिच्ड. आय हॅड वन डॉटर.” इथे ती जरा थांबली, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघून म्हणाली, “माय हसबंड वेंट.”

पाच वाक्यं. पाचही बरोबर, ‘हॅड’सुद्धा हवा तिथेच. तिनं आपलं सगळं आयुष्य माझ्या नियमात बसवून आणलं होतं.

सेल्समन पुढच्या बाकावरून वळून हसत म्हणाला, “कहाँ गए अंकल?” पोरी फिस्सकन हसल्या.

मला कळलं होतं. वर्गात कुणाला कळो न कळो, मराठीत माणूस ‘गेला’ म्हणजे काय, हे मला कळलं होतं. आणि तो माणूस कोण हेही मलाच माहीत होतं. ‘डाइड’ हा एक शब्द द्यायचा होता. सोपा शब्द, नियमित क्रियापद. पण तो शब्द मी उच्चारला असता तर माझा आवाज कापला असता, सगळ्यांनी विचारलं असतं मॅडमला काय झालं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. हे झालं सभ्य कारण. खरं कारण याहून हलकं आहे. मला राग आला होता. सगळ्यांसमोर माझी आई हसं करून घेते आहे, याचा राग. त्या रागात मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“वेंट व्हेअर?” मी खडूनं फळ्यावर टकटक करत म्हणाले. “सेंटेन्स अधूरा है आंटी। वेंट के बाद जगह बताइए। वेंट टू... कहाँ?”

मी माझ्या आईला आंटी म्हटलं. आणि माझे वडील कुठे गेले, ते तिला विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. खाली दुकानात कुणीतरी पातेली रचत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “माय हसबंड वेंट टू भनपुरी.”

“गुड. आगे?”

“ही डिड नॉट केम.”

“डिड मिल गया न?” मी म्हणाले. माझं तोंड सवयीनं चालत होतं. “तो केम जमा करो।”

“ही डिड नॉट कम,” आई म्हणाली.

‘डिड’ तिला पहिल्यांदाच जमलं होतं. दोन्ही नर्सांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या, हाताला खडू लागलेला होता तशाच. आई खाली बसली आणि तिनं वही उघडून ती दोन वाक्यं लिहून घेतली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं कदाचित. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईनं मला नीट विचारलं होतं. मी वह्या तपासत बसले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, “मुलाखतीत विचारतीन न, नवरा काय करते म्हणून? तवा तेच सांगू का? वेंट टू भनपुरी, डिड नॉट कम?”

“हो,” मी म्हणाले.

“त्याईले समजन न?”

“व्याकरण बरोबर आहे आई. तेच सांग.”

मी मान वर करून बघितलंही नाही. मला वाटतं, तिनं मला एक संधी दिली होती. तो दुसरा शब्द तिला माहीत नव्हता, तो तिला माझ्याकडून हवा होता. वर्गात नाही तर नाही, निदान घरी तरी.

जूनमध्ये तिची मुलाखत झाली आणि तिला घेतलं. प्रिन्सिपल बाईंनी तिला नवऱ्याबद्दल विचारलं, तिनं सांगितलं, बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. “लई चांगल्या आहेत बाई,” आई घरी येऊन म्हणाली, “माह्याकडं इतकं मायेनं पायलं.” तिच्या अंगावर हिरव्या काठाची साडी आली, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आला. घरी शिवणयंत्रावर तिनं चादर टाकून ठेवली. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या शिकवण्यानं आई नर्सरीत लागली. क्लासात मात्र नाही सांगितलं. उलट त्या शाळेतून पुढे दरवर्षी नव्या मदतनीस बाया माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या. प्रिन्सिपल बाई त्यांना सांगायच्या म्हणे, की ज्या क्लासात ह्या शिकल्या तिथेच जा. त्या बायांच्या जोरावर माझं नाव झालं, काही वर्षांनी मी मालकांचा क्लास सोडून बुढापाऱ्यात स्वतःचा काढला. आईनं त्यांना कधी सांगितलं नाही की मी तिची मुलगी आहे. मी सांगू नको म्हटलं होतं, आणि परत कधी सांग म्हटलं नव्हतं.

आई साठ वर्षांची झाली तेव्हा शाळेनं तिचा निरोप समारंभ ठेवला. त्या दिवशी तिनं विचारलं, “आता तरी येशीन का?” मी गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या शाळेचं फाटक ओलांडलं. आईनं माझा हात धरून स्टाफरूममध्ये नेलं आणि म्हणाली, “ये मेरी बेटी है.”

तिथल्या निम्म्या बाया माझ्या विद्यार्थिनी. “अरे मैडम, आप?” एकीच्या हातातला चहा सांडला. मी नुसतं हसून वेळ मारून नेली. मग त्यांच्यातली एक, जी पहिल्या वर्षापासून आईबरोबर होती, ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, “आपकी मम्मी देवी हैं। पति छोड़ के चले गए, दूसरा घर बसा लिया, पर इन्होंने कभी उनकी बुराई नहीं की। बिंदी तक नहीं छोड़ी।”

मला आधी वाटलं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. “कौन छोड़ के चले गए?”

“आपके पापा।” ती ओशाळली. “भनपुरी में हैं न? शुरू में ही इन्होंने प्रिन्सिपल मैडम को बताया था। हसबंड वेंट टू भनपुरी, ही डिड नॉट कम। हम लोग तब भनपुरी तरफ से निकलते थे तो देखते थे, कहीं दिख जाएँ।”

भनपुरी म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. एका ऑटोत बसून माणूस जातो आणि परत येतो. इतक्या जवळ जाऊन जो परत येत नाही, त्याच्याबद्दल लोक दुसरं काय समजणार? माझी विद्यार्थिनी ती. मीच शिकवलेलं व्याकरण वापरून तिनं त्या वाक्याचा अर्थ लावला होता, आणि अर्थ बरोबर लावला होता. अठरा वर्षं त्या शाळेत माझे वडील पळून गेलेला माणूस होते. जो माणूस ट्रक पोचल्याची नोंद होईपर्यंत निर्धास्त होत नसे, तो.

मी आईला व्हरांड्यात गाठलं. पायऱ्यांवर बसून ती एका लहान मुलीच्या बुटाची लेस बांधत होती. “तुला माहीत होतं?” मी विचारलं. “या बाया बाबांबद्दल काय समजतात ते?”

“हव,” ती म्हणाली. “सहा-सात महिन्यानं समजलं मले.”

“मग काहून नाही सांगितलं यांना?”

तिनं गाठ घट्ट केली, मुलीला आत पिटाळलं. “काय सांगू? वाक्य चुकलं म्हणून? मंग त्याईनं विचारलं असतं, कोणं शिकवलं. तवा दोघीजणी तुह्या क्लासात येऊन राहिल्या होत्या. तुहं नवीन नवीन होतं सगळं.” मग म्हणाली, “तुह्या बाबाईले काय फरक पडते आता. तुले पडला असता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ते सगळ्यात वाईट. ती मला रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं येतात. माझं नाव राहावं म्हणून तिनं आपल्या नवऱ्याचं नाव जाऊ दिलं. रोज टिकली लावून ती त्या बायांमध्ये बसली, त्यांची कणव ऐकून घेतली, आणि घरी येऊन मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मला वाटलं, ह्या पायरीवरून उठून सरळ घरी निघून जावं.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. छोटा हॉल, समोर खुर्च्या, पुढे पोरं मांडी घालून बसलेली. प्रिन्सिपल बाई बोलल्या, आईला शाल दिली, आणि मग म्हणाल्या की आज आपल्याला कळलं, आपल्या सगळ्यांच्या इंग्लिश टीचर ह्या यांच्याच कन्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. इंग्रजीत, अर्थातच.

मी उभी राहिले. समोर माझ्या विद्यार्थिनी, बाजूच्या खुर्चीवर मांडीवर शाल घेऊन आई. आईबद्दल चार गोड वाक्यं बोलून बसता आलं असतं. तशी वाक्यं मला झोपेतही येतात. पण माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं रजिस्टर आलं, आणि त्यावर ठेवलेलं त्यांचं बोट. मी म्हणाले, “माय फादर डिड नॉट लेफ्ट अस.”

म्हणताक्षणी मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. वीस वर्षं ज्या चुकीवर लोकांना हसवलं, ती. समोरच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं, मीच तर शिकवलं होतं. पुढचा शब्द सापडेना.

आई खुर्चीतून माझ्याकडे जरा झुकली. शालीच्या आडून तिनं माझ्या पदराचं टोक धरलं आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली, “लीव्ह.”

“लीव्ह,” मी म्हणाले. “ही डिड नॉट लीव्ह अस. ही डाइड.”

‘डाइड’ ऐकून आईनं मान डोलावली, नवीन शब्द कळला की क्लासात डोलवायची तशी. पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही. ‘लीव्ह’ मात्र आठवतं. भरल्या वर्गात खडू आपटून मी तिची चूक सुधारली होती, आणि तिनं माझी सुधारली ती इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं.